हातापायांत आलेला जोर

हॅलो? …हां वहिनी, बोल… थांब, एक मिनिट, मास्क काढते. …हां, आता बोल. …नाही गं, डिस्टर्ब कसलं, मी लॅबच्या बाहेर आलेय. पिंजरे धुतात ना, त्या मोरीपाशी उभी आहे. आत फोन चालत नाही, उंदीर बिचकतात. …पण तू ह्या वेळेला कसा काय फोन केलास? दादा बरा आहे ना? …वहिनी, रडतेयस का तू? …अगं आधी सांग काय झालं!

…काय?

…उठला? …आपणहून? तू हाक न मारता?

…काय बोलतेस! …दाढी केली? …आंघोळपण? …अगं मग रडतेस काय, वेडाबाई! माझा जीव गेला ना इथे. …हो, आनंदाने, कळलं. …मलाही येतंय रडू, बघ. …होल्ड हां. क्षिप्रा! पुढचा उंदीर तू सोड पाण्यात, मी आलेच. …पाणी कोमट आहे का बघ आधी! …हां वहिनी.

बघ, मी काय सांगत होते! लागू पडली डिप्रेशनची गोळी. …तिसरा आठवडा ना हा? …मग बरोबर, एवढे दिवस लागतातच. आणि तू त्याला तळवलीच्या त्या अंगारेवाल्याकडे न्यायला निघाली होतीस. …बरं बाई, नाही काढत तो विषय. …नाही काढत म्हटलं ना. …हो, हो… अगं ऐक ना, पेढे आण. सोसायटीत वाट. …का नाही? एवढे दिवस सगळ्यांना 'व्हायरल आहे' सांगत होतीस, आता सांग व्हायरल गेलं.

…काय? …हो, अगदी आमच्या उंदरांसारखंच. …चिडू नकोस गं, तुझ्या नवऱ्याला उंदीर नाही म्हणत, माझा सख्खा भाऊ आहे तो. …मागे सांगितलं होतं तुला. तू कानांवर हात ठेवलेस म्हणून अर्धंच राहिलं. उभं काचेचं भांडं असतं, त्यात पाणी, पाण्यात उंदीर. तळाला पाय लागत नाहीत, वर चढता येत नाही. आधी पोहतो, काचेला नखं मारतो, गोल गोल फिरतो. मग थांबतो. नुसतं नाक वर काढून पडून राहतो पाण्यात. आम्ही म्हणायचं, ह्याने आशा सोडली. आणि ज्याला औषध दिलेलं असतं ना, तो पोहत राहतो. त्याचं हातपाय मारणं लवकर थांबत नाही. तेवढं घड्याळ लावून मोजायचं, झालं आमचं काम.

…हो, वाईट वाटतं ना. पहिल्या दिवशी मी डबा तसाच परत नेला होता. आता खाते. सवय होते. …पण ह्या मोजण्यातूनच तर अशी औषधं पुढे येतात. …म्हणून तर रोज संध्याकाळी तुला विचारायचे, आज उठला का, खिडकीपर्यंत गेला का, की हललाच नाही. …हो, माहितीये, नणंद डोक्यावर पडलीय असं वाटत असेल तुला.

…आणि खाण्याचं? आज काय खाल्लं? …आमरस? …मागून घेतला? …दोन वाट्या! वहिनी, ही तर फार मोठी गोष्ट आहे! …अगं म्हणून तर तुला म्हटलं होतं, एक कप बिनसाखरेचा चहा ठेव, एक गोड, आणि काही न सांगता बघत राहा. …हो, उंदरांना दोन बाटल्या लावतात तसंच, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. ज्याचं मन मेलेलं असतं त्याला साखरेचंही काही वाटत नाही. …आणि आपला दादा, जो कप हाताला लागेल तो गिळत होता. तोंडसुद्धा वाकडं करत नव्हता. …आणि आज आमरस! …तुलापण वाढला? स्वतःच्या हाताने? …काय म्हणाला? …सांग ना, लाजतेस काय! …'तू माझ्यासाठी खूप केलंस.' …अय्या. …दादा असं बोलला? …नोकरी सुटल्यापासून एक धड वाक्य नाही बोललेला तो.

…आणखी काय काय केलं? मला सगळं सांग. …कपाट आवरलं? दादाने? जन्मात स्वतःच्या रुमालाची घडी केली नाही त्याने! …शर्ट वेगळे काढून ठेवले. …कोणाला द्यायला? …बरं. जुने असतील. …आणि? …वॉटर प्युरिफायरचं फिल्टर कसं बदलायचं ते शिकवलं तुला. …बरं. …गॅसचा कॉक कुठून बंद करायचा ते. …दोन-दोनदा करून घेतलं तुझ्याकडून. …हो, छान, यायला पाहिजेच ते. …सोसायटीच्या ग्रुपवर तुझा नंबर टाकला? …आणि स्वतःचा काढला. …का? …बरं.

…हं. …नाही, ऐकतेय मी. …बोल तू.

…पेटी? कुठली पेटी? …बाबांची? …कोणाला दिली? …भजनी मंडळाला. …म्हणजे कार्यक्रमापुरती ना? …कायमची?

…वहिनी, बाबांच्या पेटीला तो मलासुद्धा हात लावू देत नाही गं. लहानपणी मी भाता ओढला तर माझ्याशी अबोला धरला होता. …काय म्हणाला देताना? …'वाजती राहिली पाहिजे.'

…नाही. …काही नाही. …काही नाही म्हटलं ना. …मला एक सांग, शांत आहे का तो? …चेहरा मोकळा वाटतोय. …काळजी मिटल्यासारखा. …हो. …हो, तू म्हणालीस मघाशी.

दे ना जरा त्याला फोन. …अगं उगीच, बोलते दोन मिनिटं. …नाहीये? …कुठे गेलाय?

…'पाय मोकळे करून येतो.' …भर दुपारी? …एकटा? …नाही नाही, तुझं नाही चुकलं. मीच तुझ्या डोक्याशी लागले होते, चालायला पाठव, चालायला पाठव. …फोन नेलाय ना? …चार्जिंगला आहे. …घड्याळ? …टीव्हीपाशी. …वहिनी, अंगठी? …लग्नातली. …बघ ना. बाथरूममध्ये बघ. …नाही? …देवापाशी बघ.

…देवापाशी.

वहिनी, चप्पल घाल. …आधी चप्पल घाल, मग सांगते. …मी घाबरवत नाहीये तुला. …ऐक. वाशीच्या डॉक्टरांनी आपल्याला काय सांगितलं होतं? आपण दोघी होतो. …जेवणानंतर घ्यायची, ते नाही. शेवटी, आपण पर्स उचलली तेव्हा. …आठव. सुरुवातीचे आठवडे एकटं सोडू नका म्हणाले. हातापायांत जोर आधी येतो, मन मागाहून वर येतं. …हो. …हो, तेच. …जो माणूस काही करायला उठूही शकत नव्हता, तो उठतो. आतलं सगळं तसंच असतं, फक्त उठतो. …आणि आपण पेढे वाटायला निघालो.

…मलाही नाही ना कळलं! मला तर कळायला हवं होतं! मी रोज हेच करते गं. हलला की बरा, पडून राहिला की वाईट, एवढंच बघायला शिकले. भावाकडेही तेवढंच बघितलं. उठला का, खाल्लं का, गोड मागितलं का. 'दादा, तुझ्या मनात काय चाललंय' हे एकदाही नाही विचारलं. एकदासुद्धा नाही, वहिनी.

…रडू नकोस आत्ता. नंतर रडू. …फोन कट करू नकोस. …इंटरकॉम लाव वॉचमनला. …मग गॅलरीतून हाक मार! लोक काय म्हणतील ते म्हणू देत. …विचार, निशांतसाहेब गेटबाहेर गेले का. …

…गेटवर आलेच नाहीत? …नक्की? …मागचं गेट? …ते बंद असतं. …म्हणजे बिल्डिंगमध्येच आहे.

…वहिनी, गच्चीची चावी कोणाकडे असते? …वॉचमनकडे. आत्ता आहे का? विचार, विचार पटकन. …कोणी नेली? …कोण वेणूबाई? …चौथ्या मजल्यावरच्या. …पापड वाळत घालायला. …म्हणजे गच्ची उघडी आहे.

दार नुसतं ओढून घे आणि जा वर. …लिफ्टची वाट बघू नकोस. जिन्याने जा. …पळ वहिनी, पळ.

…क्षिप्रा, आत्ता नको गं. …काय? …उंदीर खाली जातोय? …मग काढ ना त्याला बाहेर! बघत काय उभी राहिलीस? टॉवेलमध्ये धर, दिव्याखाली ठेव. …आकडा फुकट गेला तर जाऊ दे फुकट! …बाकीचे नको सोडूस आता. आज बंद. …सर विचारतील तर सांग, मनालीने बंद केलं. …मला नाही माहीत पुढचं. जा तू. …वहिनी? वहिनी, आहेस ना?

हां. …हां, येतोय आवाज, चपलांचा येतोय. …बोलू नकोस, चढ. …मी आहे इकडे. …कितवा? …सातवा. …कठड्याला धर. …दम लागलाय, कळतंय मला. …थांब जरा. …नको, थांबू नकोस, चढ. …देवा. …देवा रे. …

…दार दिसलं? …उघडं आहे?

…वहिनी?

…वहिनी, काहीतरी बोल. …जे असेल ते बोल, पण बोल गं.

…आहे?

…आहे! …कुठे? …बसलाय? …कशावर? …पालथ्या बादलीवर. …कठड्यापाशी आहे का? …नाही. …मध्ये. …मध्येच ना? नीट बघून सांग. …हातात काय आहे? …काठी? काठी कशाला?

…कबुतरं?

…पापडांवरची कबुतरं हाकलतोय. …अगं… मी हसत नाहीये गं, मला काय होतंय तेच कळेना. …जवळ जा. हळू. आधी हाक मार, दचकवू नकोस. …पापड गेले खड्ड्यात, दे पाय त्यांच्यावर! …हात धर त्याचा. …धरलास? …घट्ट धर. …आता दे फोन. त्याचा हात सोडू नकोस, फोन त्याच्या कानाला लाव.

…दादा?

…दादा, मी. मनू. …हो, वहिनीचाच फोन होता. …गच्चीवर का गेलास तू? …हवा खायला? मे महिन्यात, डोक्यावर ऊन असताना? …दादा, खोटं नको ना बोलूस. माझ्याशी तरी नको.

…हं.

…हं. …ऐकतेय. …वहिनीला ऐकू जाऊ दे. …जाऊ दे रे. ती कपाट बघून सकाळपासून नाचत होती. तिला कळू दे.

…कधीपासून? …आधीपासून. …तेव्हा उठवत नव्हतं म्हणून. …हो. …आणि आज उठवलं.

…मग? …वर आलास, आणि? …वेणूबाई होत्या. …काय म्हणाल्या? …'भाऊ, बरं झालं भेटलात, दोन घास खाऊन येते, तवर बसा जरा. कबुतरं लई मातल्यात.' …आणि तू बसलास? …'नाही' म्हणता आलं नाही. …तुला कधी कोणाला नाही म्हणता आलंय, दादा? त्या ऑफिसातपण सगळ्यांची कामं ओढत बसायचास. …अजून नाही आल्या का त्या? …जेवून आडव्या झाल्या असतील. …झोपू दे. झोपू दे त्यांना, देव त्यांचं भलं करो.

…आणि त्या वेळेवर आल्या असत्या तर?

…हं. …कळलं.

…नाही, रागावले नाही. तुझ्यावर कशी रागवेन? …थोडं तरी बरं वाटतंय का रे? …अंगाला वाटतंय. …बाकी नाही. …अजिबात नाही? …आमरस? …वहिनीला बरं वाटावं म्हणून मागितलास. …तुला लागला का गोड? …कळलंच नाही.

…हो. …हो रे.

…काय? …विचार ना. …आमचे उंदीर? हे काय आता मध्येच? …नाही, विचार तू. …पोहून झाल्यावर? …दादा, नको ना. …बरं. सांगते. …पुसून कोरडे करतो. ऊब देतो. …नाही, मग ठेवत नाही. …नाही रे, कोणी घरी नेत नाही. …त्याच दिवशी, कधी दुसऱ्या. …त्यांचा मेंदू तपासायचा असतो म्हणून. …दुखू देत नाही आम्ही. …हो. जो खूप पोहला, तोही. …जो नुसता पडून होता, तोही. …सगळेच.

…'मग कशाला पोहतात?'

…माहीत नाही रे. …खरंच नाही. किती पोहले ते सांगू शकते मी. कशाला, ते आम्ही कधी बघितलंच नाही. …आणि एखादा पडून राहतो, तेव्हा त्याने आशा सोडली म्हणतो ना, तेही आम्हीच म्हणतो. त्याच्या मनात काय आहे ते त्यालाच ठाऊक.

…नाही, तुला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही मी. आयुष्य सुंदर आहे वगैरे नाही सांगणार. …मला येत नाही तसलं. …मी येतेय फक्त. …समजावायला नाही. शेजारी बसायला. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर भिंतीकडे तोंड करून झोप, मी बसेन. …मी येईपर्यंत काही करणार नाहीस ना? …पुढचं नाही विचारत. मी दारात येईपर्यंत. …हो म्हण, दादा. …तोंडाने म्हण. …मान हलवू नकोस, मला दिसत नाही.

…बरं. …हो. …वहिनीला दे.

वहिनी. …ऐक, हात धरूनच खाली आण त्याला. बरोबरीने उतरा. …गच्चीला कुलूप लाव आणि चावी तुझ्याकडे ठेव. …वेणूबाई ओरडल्या तर ओरडू देत, मी पाया पडेन त्यांच्या. …पापड राहू देत तिथेच. …डॉक्टरांना मी लावते फोन, आजच दाखवायचं, अ‍ॅडमिट करायचं म्हणाले तर आजच ठेवून घ्या म्हणू. …नाही, गोळी आपल्या मनाने बंद नाही करायची. त्यांना विचारून काय ते. …गोळ्यांचं पाकीट मात्र तुझ्याकडे. …बाथरूमला कडी नाही लावायची. …लाज कसली आता. …आईला मी सांगेन, तू नको सांगूस.

…निघाले मी. …हो, एप्रनवरच. …क्षिप्रा, माझी बॅग राहू दे! …ए रिक्षा! घणसोली. …अरे चल ना बाबा, जे घ्यायचं ते घे. …हां वहिनी, बसले. …उतरलात का? …दारात आहात. …दार आतून लावलंस? …तो कुठे बसलाय? …सोफ्यावर. …तुझ्याजवळ. …रडतोय? …मग? …हसला?

…काय म्हणाला? …'उगीच पळवलं तुला.' …आणि हसला.

…काय गं? …बोल. …बरा होईल का?

…मघाशी तू फोन केलास ना, तेव्हा विचारलं असतंस तर छातीठोक सांगितलं असतं. …आता नाही सांगता येत. …डॉक्टर सांगतील काहीतरी. होतात गं लोक बरे, पुष्कळ होतात. आपला होईल का ते… नाही माहीत. …नाही, त्या हसण्यावर नको जाऊस. …जेवला, गप्पा मारल्या, पेटी परत आणू म्हणाला, तरी नको जाऊस. …हो, मलाही तसंच झालं, आत्ता तू 'हसला' म्हणालीस तेव्हा. …काय करणार. …आता तो हसला की आपल्याला भीतीच वाटणार, वहिनी. …हो. …कदाचित कायमची. …बस त्याच्याजवळ. ठेवते.